म्हैसाळ–कागवाड आणि उमदी: साथीच्या वेळी सीमेवरच्या नाक्याला माणसं, जागा, साहित्य किती धरायचं?

कृष्णाकाठ_मिरज

नमस्कार मंडळी. तालुका पातळीवरचा साथरोग आराखडा नव्यानं लिहायचाय. साथ कर्नाटकात भडको वा आपल्याकडं, म्हैसाळ–कागवाड रस्त्यावर आणि जत तालुक्यात उमदीच्या बाजूला तपासणी नाका चालू करायचा, एवढं ठरलंय. जुना आराखडा समोर आहे. त्यातला नाका म्हणजे एक मांडव, दोन टेबलं, दोन थर्मल गन, पाच लिटर सॅनिटायझर, चार कर्मचारी आणि नोंदवही. पुढं कोरा कागद.

डोळ्यासमोर तीन प्रसंग आहेत. चिंचलीच्या मायाक्काची किंवा गुड्डापूरच्या दानम्मादेवीची यात्रा आणि त्यातून गॅस्ट्रो-कॉलरा. ताप-खोकल्याची एखादी नवी साथ. आणि जनावरांत लम्पी किंवा लाळ्या खुरकूत. हिशेबासाठी गर्दीच्या तासाला ३०० वाहनं आणि वाहनामागं सरासरी ३ माणसं धरा.

कुणाला थांबवायचं, संशयिताला ठेवायचं कुठं, चार माणसांत भागेल का, आणि कायद्यानं थांबवता येतं का, एवढं सांगा. "सर्वांची काटेकोर तपासणी करावी" असली वाक्यं नकोत, ती जुन्या आराखड्यात भरपूर आहेत.

---

साथरोग_सर्वेक्षण

आधी नाक्यावर काय सापडणार नाही ते लिहा. नाहीतर सगळा आराखडा थर्मल गनभोवती फिरत राहतो.

कॉलराची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला काही तासांपासून ५ दिवस लागतात. फ्लूला १ ते ४ दिवस, गोवराला साधारण १० ते १४, निपाहला बहुधा ४ ते १४. कागवाडहून म्हैसाळ काही मिनिटांवर. म्हणजे लागण झालेली बहुतेक माणसं ठणठणीत दिसतच नाका ओलांडणार. शिवाय कुणी पॅरासिटामॉल घेऊन निघालं असेल तर तोही ताप गेला. सार्सच्या वेळी, २००३ मध्ये, कॅनडानं सुमारे ६५ लाख विमान प्रवासी तपासले, त्यातले ९,१०० च्या आसपास पुढच्या तपासणीला पाठवले. सार्सचा एकही निघाला नाही. तिथं यंत्रं होती, माणसं होती, विमानतळासारखी बंदिस्त जागा होती. आपल्याकडं डांबरी रस्ता आणि मांडव.

मग नाका कशाला? माझ्या मते तीन कामांसाठी. आजारी दिसतोय त्याला तासाभरात योग्य बिछान्यावर पोचवणं. कोण कुठून कुठं गेलं याची पुढं शोध घेता येईल अशी नोंद ठेवणं. आणि प्रत्येकाच्या हातात "अमुक लक्षण आलं तर इथं फोन करा" अशी चिठ्ठी देणं. चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्हीत, १०८ (रुग्णवाहिका) आणि १०४ (आरोग्य सल्ला) ठळक. या तीन कामांना लागेल तेवढीच रचना करा.

आता हिशेब. एका माणसाचं तापमान, दोन प्रश्न आणि नोंद याला ३० सेकंद धरले तर एक कर्मचारी तासाला १२० माणसं करतो. तुमचे ९०० प्रवासी भागिले १२० म्हणजे साडेसात. आठ टेबलं लावली तरी रांग हटत नाही, कारण एखादी पन्नास माणसांची एसटी आली की मागं साचलेलं पुन्हा निघतच नाही. म्हणजे दहा टेबलं. आणि चोवीस तास एक खुर्ची भरलेली ठेवायची तर साप्ताहिक सुटी, रजा धरून साडेचार माणसं लागतात. दहा खुर्च्यांना ४५. तुमच्याकडं चार.

म्हणून तपासणी दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात दोन रांगा, प्रत्येक रांगेला एक माणूस, काच खाली करून एकच प्रश्न: गाडीत कुणाला ताप, जुलाब, उलटी, पुरळ आहे का, आणि निघालात कुठून? ३०० वाहनं दोन रांगांत म्हणजे वाहनामागं २४ सेकंद मिळतात, तेवढे पुरतात. दुसऱ्या टप्प्यात "हो" म्हणणारे आणि साथीच्या गावातून आलेली वाहनं. शंभरातली पाच वाहनं बाजूला घेतली तर १५ वाहनं, ४५ माणसं. प्रत्येकी २ मिनिटं म्हणजे तासाला ९० मिनिटांचं काम, त्याला दोन माणसं. वर एक पर्यवेक्षक. पाच खुर्च्या गुणिले साडेचार म्हणजे २३ जण. एवढी माणसं आजूबाजूच्या पीएचसींतून (प्राथमिक आरोग्य केंद्रांतून) काढली तर तिथलं लसीकरण बंद पडतं. शिक्षक, एनएसएसची मुलं, होमगार्ड पहिल्या टप्प्याला चालतात. दुसऱ्या टप्प्याला आरोग्यसेवकच हवा.

यात्रेच्या दिवशी गणित बदलतं. बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पायी जत्था. एका ट्रॉलीत तीस माणसं. त्यांना नाक्यावर अडवूच नका. मुक्कामाच्या ठिकाणी, पाण्याच्या टँकरजवळ पथक पाठवा.

थर्मल गनबद्दल दोन गोष्टी. बहुतेक गन ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालायला बनवलेल्या असतात. एप्रिलमध्ये जतच्या उन्हात ती मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. आणि कपाळ उन्हानं तापलेलं असेल तर आकडा चढतो, घामानं ओलं असेल तर उतरतो. मांडवाच्या सावलीत दहा मिनिटं बसवा, कपाळ कोरडं करा, गन पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर (बहुधा ३ ते ५ सेंमी) धरा, आणि शंका आली की काखेतल्या साध्या डिजिटल थर्मामीटरनं खात्री करा. हात लांब करून फुटावरून मारलेल्या गनला काही अर्थ नाही.

---

वाटसरू_७७

सॅनिटायझरचा बोगदा उभा केला तर? माणसं त्यातून गेली की झालं. करोनात बऱ्याच ठिकाणी होते.

---

आरोग्य_निरीक्षक

नको. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं लेखी कळवलं होतं. अंगावर हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) मारल्यानं फुप्फुसातला विषाणू मरत नाही. डोळे चुरचुरतात, दम लागतो, आणि माणसं हात धुणं सोडतात. बोगद्याच्या पैशात चार नळांची हात धुण्याची टाकी होते.

कृष्णाकाठ, जागेचं बोलतो, कारण चुका तिथंच जास्त होतात. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे रुग्णवाहिका नाक्याच्या मागं, रांगेच्या पोटात उभी असते. संशयित सापडला की आधी पन्नास गाड्या हलवाव्या लागतात. रुग्णवाहिका अडथळ्याच्या मिरजेकडच्या बाजूला, तोंड मिरजेकडं, आणि तिच्यापुढं किमान तीन गाड्यांची जागा पांढऱ्या पट्ट्यानं मोकळी. पट्टा मारला नाही तर तिथं चहाची गाडी लागते.

संशयिताची जागा रांगेपासून वीसेक पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. ताप-खोकल्याच्या साथीत बंद खोली किंवा कंटेनर नको. तिन्ही बाजूंनी उघडा मांडव बरा, पडदा फक्त रस्त्याच्या बाजूला. पत्र्याच्या कंटेनरात दुपारी रुग्णाचा ताप नुसत्या उकाड्यानंच वाढतो. जुलाबाच्या साथीत मात्र वेगळं शौचालय लागतंच, आणि त्याचा शोषखड्डा विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून लांब. म्हैसाळ कृष्णेच्या काठावर आहे, तिथं उताराची दिशा पाहूनच खड्डा घ्या. नाक्यावर कुणालाही रात्रभर ठेवायचं नाही. ती वाट पाहण्याची जागा, दवाखाना नव्हे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ (१५ जून २००७ पासून लागू) हीच रीत सांगते: चौकशीला वेगळी जागा नाक्यावर, अलगीकरण शक्यतो नाक्यापासून दूर. ती नियमावली अटारी, पेट्रापोलसारख्या दोन देशांमधल्या सीमेवरच्या नाक्यांसाठी आहे, आपल्या नाक्याला कायद्यानं लागू नाही. पण तिच्या परिशिष्टातली यादी समोर ठेवली की काय राहिलं ते लगेच दिसतं: वैद्यकीय मदत, रुग्ण हलवायची सोय, शुद्ध पाणी, शौचालय, कचरा, डास-उंदीर, आणि आणीबाणीचा लेखी आराखडा नावानिशी समन्वयकासह.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं प्रमाण आराखड्यात आकड्यांनी लिहा, "योग्य प्रमाणात" नको. ३३ टक्के क्लोरीनची पावडर धरून:

हात धुवायला ०.०५ टक्के: लिटरला दीड ग्रॅम.
फरशी, खाट, स्ट्रेचर, गाडीची आतली बाजू, ०.२ टक्के: लिटरला ६ ग्रॅम.
कॉलराच्या रुग्णाची उलटी-जुलाब, २ टक्के: लिटरला ६० ग्रॅम.

द्रावण रोज नवं. प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचं झाकण. लोखंडी बादली आठवड्यात गंजते आणि क्लोरीनही खाते. आधी थोड्या पाण्यात पावडरीची पेस्ट करायची, मग पाणी वाढवायचं, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ वापरायचं. गढूळच ओतलं तर फवारणीच्या पंपाचं तोंड पहिल्याच दिवशी बुजतं. हारपिकसारखं आम्लाचं काहीही त्यात मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. आणि चिखल, माती, घाण आधी घासून काढायची. मातीवर टाकलेलं क्लोरीन मातीतच संपतं.

तोंड उघडं राहिलेलं पोतं पावसाळ्यात ३३ वरून २० टक्क्यांवर सहज येतं. मग वरचे आकडे दीडपटीहून थोडे जास्त धरावे लागतात. नाक्यावर २५ किलोचं पोतं फोडून ठेवण्यापेक्षा झाकणाच्या डब्यांत ५-५ किलो न्या.

पिण्याचा टँकर ५,००० लिटरचा असेल तर २ पीपीएमसाठी (लिटरमागं २ मिलिग्रॅम) १० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३० ग्रॅम पावडर. अर्ध्या तासानं ओटी चाचणी. ऑर्थोटोलिडीन टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांतला पिवळा रंग वाचायचा, तो मोकळा क्लोरीन. गप्पा मारत पंधरा मिनिटांनी वाचला तर बांधलेला (दुसऱ्या पदार्थांशी जोडला गेलेला) क्लोरीनही धरला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटतं. साथीत नळाच्या तोंडाशी ०.५ पीपीएमच्या खाली जाऊ देऊ नका. पावसाळ्यात कृष्णेचं गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी.

---

कृष्णाकाठ_मिरज

निरीक्षक साहेब, हे जसंच्या तसं उचलतो. दोन गोष्टी राहिल्या. जुलाबाचा गंभीर रुग्ण उमदीच्या नाक्यावर आला तर मिरज लांब पडतं. तिथं काय ठेवायचं? आणि अडवायचा अधिकार नेमका कुणाचा? पोलीस म्हणतात आदेश दाखवा, आरोग्यवाले म्हणतात पोलीस द्या.

---

सलाईन_स्टँड

उमदीच्या नाक्याला म्हैसाळपेक्षा जास्त साहित्य लागेल, हे बरोबर ओळखलंत. म्हैसाळहून मिरज जवळ, तिथं १०८ येईपर्यंत ओआरएस पाजत राहिलं तरी निभावतं. उमदीहून आधी जतचं ग्रामीण रुग्णालय, आणि तेवढ्या वाटेतही कॉलराचा रुग्ण हातचा जाऊ शकतो.

कॉलरात तीव्र शोष (अंगातलं पाणी संपणं) असेल तर मोठ्या माणसाला शिरेतून रिंगर लॅक्टेट (आरएल, क्षारांचं सलाईन) किलोमागं १०० मिली: पहिल्या अर्ध्या तासात ३० मिली, पुढच्या अडीच तासांत ७०. पन्नास किलोच्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासातच दीड लिटर, एकूण पाच लिटर. म्हणजे ५०० मिलीच्या दहा बाटल्या एका रुग्णाला. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर तेच ३० मिली एका तासात आणि ७० मिली पाच तासांत. उमदीला आरएलच्या किमान ३० बाटल्या, १८ नंबरच्या जाड कॅन्युला (शिरेत घालायच्या नळ्या), आयव्ही सेट, आणि ओआरएसची १०० पाकिटं ठेवा. २२ नंबरच्या बारीक सुईतून अर्ध्या तासात दीड लिटर जात नाही. बारीकच मिळाल्या तर दोन्ही हातांना एकेक लावा.

नुसत्या ग्लुकोजच्या बाटल्या (५ टक्के डेक्स्ट्रोज) साठ्यात ठेवूच नका. घाईत हाताला लागतात, लावल्या जातात, आणि त्यात सोडियम-पोटॅशियम नसल्यानं रुग्णाला काही उपयोग होत नाही. आरएल नसेल तर नॉर्मल सलाईन, आणि शुद्धीवर असेल तर सोबत ओआरएस तोंडानं.

सलाईन लावायला येणारी सिस्टर तिन्ही पाळ्यांत हवी. हा भाग कागदावर नेहमी असतो, रात्री दोन वाजता नसतो. त्या पाळीचं नाव-फोन आराखड्यात छापू नका, ते आठवड्याला बदलतं. नाक्यावरच्या फळ्यावर खडूनं लिहायची पद्धत ठेवा.

शौचाचा नमुना प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्याआधी घ्या. कॅरी-ब्लेअर माध्यमात (जंतू जिवंत ठेवणाऱ्या) बुडवून साध्या तापमानाला ठेवा, बर्फात नको. कॉलराच्या जंतूला थंडी मानवत नाही. घसा-नाकाचा स्वॅब बरोबर उलटा: व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवणाऱ्या द्रवात), २ ते ८ अंशांवर, ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत. पण तो नाक्यावर घेऊच नका. तिथं वारा, धूळ, घाबरलेला माणूस, आणि नमुना घेणाऱ्याच्या तोंडावर खोकला. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, रुग्ण तिकडंच जाणार, स्वॅब तिथं होऊ द्या. निपाहसारखी शंका असेल तर नमुना तिहेरी वेष्टनात पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला), आणि आधी फोन.

---

महसूल_टेबल

अधिकाराचं सांगतो, कारण गोंधळ इथंच होतो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणं समवर्ती यादीत आहे, नोंद २९. आणि "आंतरराज्य स्थलांतर, आंतरराज्य क्वारंटाइन" ही संघ सूचीतली ८१ वी नोंद. म्हणजे मिरज तालुक्यानं परस्पर सीमा बंद करावी अशी मुळात व्यवस्थाच नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय गृह सचिवांनी राज्यांना पत्र लिहून राज्या-राज्यांतली ये-जा अडवू नका असं सांगितलंही होतं. तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला होता, आणि कागवाड-कोगनोळीला काय रांगा लागल्या ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

आपल्या पातळीवर काम चालतं ते दोन कायद्यांवर. साथरोग अधिनियम १८९७, त्याखाली राज्य अधिसूचना काढतं आणि जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार मिळतात. आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५, कलम ३४: बाधित क्षेत्रात येणारी, जाणारी, आतली वाहतूक नियंत्रित करायचा जिल्हा प्राधिकरणाचा अधिकार. तुमच्या आराखड्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाचा कोरा मसुदा जोडून ठेवा. रोगाचं नाव, तारीख, गावं यांच्या जागा मोकळ्या. साथ आल्यावर मसुदा लिहायला बसलं की दोन दिवस जातात. आदेशात स्पष्ट लिहा: वाहन थांबवणं पोलिसांचं, प्रश्न आणि निर्णय आरोग्याचा, कुणाला सोडायचं हे वाहतूक हवालदारानं ठरवायचं नाही.

आदेशातच कुणाला थांबवायचं नाही ती यादीही घाला. रुग्णवाहिका, बाळंतीण, डायलिसिस आणि केमोचे रुग्ण, दूध टँकर, ऑक्सिजन, औषधं, शेतमाल, आणि सीमेपलीकडं शेत असलेले शेतकरी. मार्च-एप्रिल २०२० मध्ये कर्नाटकानं केरळ सीमेवरचे रस्ते मातीचे ढीग टाकून बंद केले. कासरगोडचे रुग्ण मंगळूरच्या दवाखान्यांत जाऊ शकले नाहीत, प्रकरण केरळ उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि अखेर रुग्णांसाठी वेगळी पद्धत ठरवावी लागली. मिरजेचं तसंच आहे. अथणी, रायबाग, कागवाड, चिकोडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला दवाखान्यासाठी येतात. नाका कडक केला की पहिला फटका त्यांना.

आणि चोरवाटा. मुख्य रस्त्यावर नाका बसला की दुसऱ्या दिवशी पाणंदीतून मोटारसायकली सुरू. नरवाड, सलगरे, जतची सीमेवरची गावं, प्रत्येक ठिकाणी शेतातून वाट आहे. त्यांवर चर खणायच्या भानगडीत पडू नका. त्यानं फक्त आजारी माणूस अडकतो आणि पुढच्या पावसात शेतकऱ्याचा रस्ता जातो. त्यापेक्षा आशाताई, पोलीस पाटील, ग्रामसेवक यांना कळवायचं की पलीकडून मुक्कामाला कुणी आलं तर नाव सांगा. तपासलेल्या माणसाला त्रास होत नाही, दोन तास खोळंबा होत नाही, असं दिसलं की लोक आपणहून मुख्य रस्त्यानं येतात. नाका जितका वेळखाऊ, तितक्या चोरवाटा चालू.

---

साथरोग_सर्वेक्षण

महसूल साहेबांच्या मुद्द्याला जोडून: सीमेपलीकडचा फोन. आपली माहिती आयएचआयपीवर (केंद्राच्या रोगनोंदीच्या पोर्टलवर) जाते, त्यांचीही जाते, पण एका तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला शेजारच्या राज्यातल्या तालुक्याची नोंद समोर दिसेल या भरवशावर राहू नका. अथणी, कागवाड, विजयपुरा बाजूचे तालुका आरोग्य अधिकारी आणि बेळगावचे जिल्हा साथरोग अधिकारी यांचे कार्यालयीन फोन आराखड्याच्या पहिल्या पानावर. साथ नसताना महिन्यातून एकदा फोन करून तो लागतो का बघा. ठराविक वार ठेवा. फोनवर बोलायचे तीनच आकडे: त्या आठवड्यात जुलाबाचे किती, पुरळासह तापाचे किती, एका गावात पाचाहून जास्त असं कुठं.

नोंदवहीचं. एसटीच्या तिकीट यंत्रात प्रवाशांची नावं नसतात, फक्त आरक्षणवाल्यांची मिळतात. बसमध्ये संशयित सापडला तर बस सोडण्याआधी सगळ्यांची नावं, गाव, फोन घ्या. विमानात पुढच्या-मागच्या दोन रांगा धरतात, पण एसटीत माणसं उभी असतात, बसायच्या जागा बदलतात. अख्खी बस धरा. पन्नास जणांना चार माणसं बसवली तर दहा-बारा मिनिटांत होतं. फोन नंबर तिथल्या तिथं मिसकॉल देऊन तपासा, एक आकडा चुकलेला नंबर म्हणजे नोंदच नाही. आणि संशयिताला पुढं पाठवलं की दोन तासांनी रुग्णालयाला फोन: पोचला का? वाटेत उतरून घरी गेलेले संशयित याच एका फोनमुळं सापडतात.

---

गोठा_डॉक्टर

जनावरांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. चिंचलीला बैलगाड्या जातात, खरसुंडीला खिलारचा बाजार भरतो, म्हणजे माणसांचा नाका आणि जनावरांचा नाका वेगळा काढताच येत नाही.

लम्पी आणि लाळ्या खुरकूत यांची तयारी मात्र वेगवेगळी. लम्पी चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यातून पसरतो. त्यासाठी टायर धुणं म्हणजे देखावा. २०२२ च्या साथीत जे उपयोगी पडलं ते गोट पॉक्सची (शेळ्यांच्या देवीची) लस, बाजार बंद ठेवणं आणि आजारी जनावर बाजूला बांधणं. नाक्यावर तीन गोष्टी बघा: कानातला १२ अंकी टॅग, लस टोचल्याची तारीख (ताकद यायला तीनेक आठवडे लागतात, काल टोचलेल्या लसीचा दाखला कामाचा नाही), आणि अंगावर गाठी. गाठी बघताना मान, कास आणि शेपटीखालची जागा हातानं चाचपा. केसाळ खोंडाच्या गाठी नजरेला दिसत नाहीत.

लाळ्या खुरकूत मात्र चाकाला, बुटाला, चाऱ्याला चिकटून जातो, तिथं टायरचा हौद लागतो. ट्रकच्या टायरचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास. हौद त्याहून आखूड असेल तर टायरचा काही भाग कोराच निघतो. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंमी खोल पाणी धरलं तर १,८०० लिटर. ४ टक्के धुण्याचा सोडा म्हणजे ७२ किलो. चिखल आधी पाण्याच्या दाबानं काढायचा, नाहीतर दहाव्या ट्रकनंतर हौदात सोडा नाही, चिखलच असतो. वर पत्रा हवा. एका वळवाच्या सरीत द्रावण पातळ होतं.

जनावर अडवलं तर त्याला खायला कोण घालणार हे आधी लिहा. मोठ्या जनावराला दिवसाला १५ ते २० किलो ओला चारा आणि उन्हाळ्यात ४० ते ६० लिटर पाणी. दहा जनावरं म्हणजे २०० किलो चारा, ६०० लिटर पाणी, रोज, आणि अलगीकरण काही चार दिवसांचं नसतं. चाऱ्याची तरतूद नसेल तर पहिल्याच रात्री सोडून द्यावी लागतात. आणि "परत जा" म्हणून माघारी पाठवलेला टेम्पो तासाभरात दुसऱ्या रस्त्यानं आत येतो. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोग कायद्यात तपासणी नाके आणि अलगीकरण छावण्या दोन्हीची सोय आहे. आपल्याकडं नाके उभे राहतात आणि छावण्या कागदावर राहतात.

---

कृष्णाकाठ_मिरज

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. शेवटचं: रंगीत तालीम घ्यायची तर काय मोजायचं? मागच्या तालमीचा अहवाल म्हणजे फोटो आणि "यशस्वीरीत्या पार पडली".

---

आरोग्य_निरीक्षक

घड्याळ लावा आणि कुणाला आधी सांगू नका. एक माणूस गाडीतून पाठवा, त्यानं पहिल्या टप्प्यावर "जुलाब होतायत" म्हणायचं. तिथपासून सावलीत बसवेपर्यंत किती मिनिटं, ओआरएस हातात येईपर्यंत किती, १०८ ला फोन लागेपर्यंत किती, रुग्णवाहिका रांगेतून बाहेर पडेपर्यंत किती, रुग्णालयाच्या दारात कुणी वाट बघत होतं का. दुसरी तालीम रात्री, पाऊस पडताना, वीज गेलेली असताना. जनरेटर असेल तर त्यात डिझेल आहे का, किल्ली कुणाकडं.

पीपीईचाही वेळ मोजा. पहिल्या टप्प्याला तीन पदरी मास्क पुरे. दुसऱ्या टप्प्याला एन-९५, हातमोजे, गाऊन आणि चेहऱ्यावर शील्ड. अखंड पांढरा झगा घालून मे महिन्यात माणूस अर्ध्या-पाऊण तासात गळतो आणि मग तोच हात तोंडाला लावतो. घालण्यापेक्षा काढताना जास्त चुका होतात, तालमीत काढायलाच लावा. काढलेलं पिवळ्या पिशवीत, ४८ तासांच्या आत उचललं गेलं पाहिजे. नाका जैव कचऱ्याच्या गाडीच्या रोजच्या फेरीत नसतो, ती फेरी लावायचं पत्र आजच पाठवा.

---

सलाईन_स्टँड

आणि आरएलच्या बाटल्यांची मुदत बघा. तालमीच्या पेटीतला साठा तालमीपुरताच उघडतो, तो तीन वर्षं तसाच पडून राहतो. दर तिमाहीला पेटीतला माल पीएचसीच्या रोजच्या वापरात घ्या आणि नवा पेटीत टाका.